नाव जुळत नाही: इंदुरात राहून जनहित तंत्रज्ञानात काम सुरू करताना

आमच्या रामबागेत शेजारच्या काकूंचं आडनाव काळे. आधारवर ते इंग्रजी स्पेलिंगसकट बरोबर आहे. दुसऱ्या एका सरकारी नोंदीत ते हिंदीत 'काले' झालंय, बँकेच्या पासबुकात पहिल्या नावाला 'बाई' चिकटलेलं आहे आणि एका जुन्या ओळखपत्रावर माहेरचं नाव आहे. काका गेल्यावर काकूंनी कल्याणी पेन्शनचा अर्ज केला. विधवा पेन्शनला मध्य प्रदेशात हेच नाव आहे. अर्ज का अडलाय ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. खिडकीवरचा मुलगा प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचा, "आंटीजी, नाम मॅच नहीं हो रहा."

मी तेव्हा एका आयटी कंपनीत होते. परदेशातल्या ग्राहकांच्या याद्या साफ करायच्या, दोन स्पेलिंगांमागे माणूस एकच आहे का ते ओळखणारा प्रोग्राम लिहायचा, हेच माझं काम. म्हणजे काकूंच्या अडचणीवरचं औषध माझ्या हातात होतं आणि ते मी सात समुद्रापलीकडच्या नावांसाठी वापरत होते. काकूंबरोबर सहा महिने चकरा मारल्या तेव्हा हे काम म्हणून दिसू लागलं. आता मी पूर्ण वेळ हेच करते. दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, "ताई, यात यायचं तर सुरुवात कुठून करू?" हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी 'जनहित तंत्रज्ञान' या नावाबद्दल. जनहित याचिका आपल्याला ठाऊक आहे. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात, बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं अडकलेल्या कैद्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ज्याच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठीही वकिली करता येते, ही वाट तिथून रुळत गेली. जनहित तंत्रज्ञान म्हणजे हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट सुरू होताच कोलमडली. पुढच्याच वर्षी तिथे सरकारच्या आत अभियंत्यांची खास पथकं उभी राहिली, आणि २०१९ मध्ये २१ विद्यापीठांनी मिळून हा विषय शिकवण्यासाठी एक जाळं बांधलं. आपल्याकडे नाव नवं असलं तरी काम जुनं आहे. सरकारी संगणकीकरण करणारी एनआयसी १९७६ पासून आहे. या क्षेत्राला फक्त इंजिनिअर लागतात असं समजू नका. कायदा शिकलेले, समाजकार्य केलेले, आकडेवारी जाणणारे, भाषांतर करणारे, चित्रं काढणारे असे सगळे इथे कामाला येतात.

पहिलं पाऊल: महिनाभर खिडकीपाशी

कोर्स लावण्याआधी हे करा. लोकसेवा केंद्र, निगमचं म्हणजे महानगरपालिकेचं झोन कार्यालय, गल्लीतला सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणारा एमपी ऑनलाइनचा कियोस्क किंवा राशन दुकान, यातली एक जागा निवडा आणि आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन बसा. सकाळी अकराला गर्दी असते, तेव्हा कुणाला प्रश्न विचारू नका, फॉर्म भरायला मदत करा. तीन वाजता खिडकी थोडी मोकळी होते, तेव्हा कियोस्कवाल्याबरोबर चहा घ्या. कोणता फॉर्म कुठे अडकतो हे त्याच्याइतकं कुणालाही माहीत नसतं आणि ते त्याला कुणी कधी विचारलेलं नसतं.

एक वही ठेवा. माणूस कशासाठी आला, कोणता कागद कमी पडला, काम नेमकं कुठे थांबलं आणि ही त्याची कितवी फेरी, एवढंच लिहा. नाव, फोन, आधार क्रमांक लिहू नका. आपल्याला अडथळा समजून घ्यायचाय, माणूस ओळखायचा नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

महिन्याभरात वहीत काय जमा होईल याचा अंदाज देते. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा आणि गवंड्यांचा अंगठा लागत नाही, कारण बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा पीथमपूरला कारखान्यात पाळीवर असतो. अख्ख्या घराला मिळून एकच मोबाइल क्रमांक असतो. म्हातारं माणूस चष्मा शोधेपर्यंत पान बंद होऊन फॉर्म पुन्हा कोरा होतो. यातलं एकही कारण तुम्हाला ऑफिसात बसून सुचलं नसतं.

आणि आपल्या लोकांच्या नावांचं प्रकरण. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इंदूरच्या मराठी माणसाला हा प्रश्न घरबसल्या मिळालेला आहे आणि शिकायला याहून चांगला नमुना सापडणार नाही. हिंदी लिहिताना ळ लागत नाही, म्हणून ऑपरेटर ल दाबतो. रोमन लिपीत तर दोघांना एकच अक्षर. त्यामुळे काळे एकदा इंग्रजीत गेले की परत येताना काले होऊन येतात, कधी कालेही राहत नाहीत. ज्ञानेश्वरमधला ज्ञ आपण इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो, इथला ऑपरेटर जी-वाय लिहितो. आपण मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो, पण फॉर्मला 'नाम' आणि 'सरनेम' एवढीच घरं असतात. मग मधलं नाव कधी पहिल्याला जोडलं जातं, कधी गळून पडतं. लग्नात बायकांचं पहिलं नावसुद्धा बदलायची आपल्याकडची पद्धत. त्या पिढीतल्या बाईकडे दोन पूर्ण नावं असतात आणि दोन्ही खरी असतात.

संगणकाच्या लेखी ल आणि ळ शेजारी बसलेली, पण पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात त्यांचे क्रमांक ०९३२ आणि ०९३३. जुन्या याद्या तर बऱ्याचदा कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यात पडद्यावर हिंदी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी कळांची चिन्हं. अशी यादी युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. "मॅच नहीं हो रहा" या चार शब्दांमागे एवढं सगळं असू शकतं.

दुसरं पाऊल: एकच धागा धरून शेवटपर्यंत जा

महिन्यानंतर वहीत वीस प्रश्न असतील. त्यातला एकच घ्या. तरुण मंडळी इथे चुकतात, वीसही प्रश्न सोडवणारं ॲप काढायला बसतात.

धागा धरायचा म्हणजे काय ते काकूंच्या पेन्शनवरून सांगते. बऱ्याच खटपटीनंतर नाव दुरुस्त झालं, अर्ज मंजूर झाला. तरी पासबुकात पैसे दिसेनात. खिडकीवर म्हणत होते पैसे गेले, बँकेत म्हणत होते आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत होते. आधारच्या आधारे जमा होणारा पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातोच असं नाही. तुमचा आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, तिथे तो जातो. काकूंनी फार पूर्वी एका शिबिरात दुसरं खातं उघडलं होतं, त्याचं पासबुकही घरात नव्हतं. पैसे तिथे सुखरूप साठत होते.

एका मोठ्या कागदावर पैशाचा हा सगळा प्रवास काढा. अर्ज, समग्रचा (म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबनोंदीचा) नऊ आकडी सदस्य क्रमांक, आधारशी जुळणी, मंजुरी, बँकेची जोडणी, खातं. प्रत्येक थांब्यावर लिहा की इथे निर्णय कोण घेतं, इथे अडलं तर अर्जदाराला ते कसं कळतं, आणि दुरुस्ती कुठे होते. मधल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक थांब्यांवर 'कळतच नाही' असं येतं. तुमचं काम तिथेच असतं.

२०२३ मध्ये बायकांच्या खात्यात दरमहा पैसे देणारी लाडली बहना योजना आली तेव्हा समग्रच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीसाठी, आणि आधार जोडलेल्या खात्यासाठी मध्य प्रदेशभर शिबिरं लागली, गल्लोगल्ली रांगा लागल्या. तेव्हा ज्यांच्याकडे असा कागद तयार होता ते एकेका बाईचं काम कुठे अडलंय ते पाच मिनिटांत सांगू शकत होते.

पेन्शनमध्ये रस नसेल तर दुसरं घ्या, शहरात विषयांना तोटा नाही. स्वच्छतेचंच बघा. २०१७ मध्ये इंदूर देशात पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलंच राहिलं. बाहेरून लोक येतात ते देवगुराडियाचा प्रकल्प बघायला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेचा आहे. गाड्यांवरचं जीपीएस आणि नियंत्रण कक्षही ते कौतुकानं बघतात. बघावंच. पण हे सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट म्हणजे घराघरात कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो आणि सफाई मित्र, म्हणजे सफाई कर्मचारी, तो वेगळाच उचलतात. ती सवय नसती तर गाडी कुठे आहे हे कळून काही उपयोग नव्हता. तंत्रज्ञानाचा वाटा किती आणि माणसांच्या सवयीचा किती, हे शिकायला सकाळी सातला त्या गाडीमागून एक फेरी मारा.

तिसरं पाऊल: चार कायदे स्वतः वाचा

वकील व्हायची गरज नाही, पण मूळ मजकूर वाचा, दुसऱ्यानं काढलेला सारांश नको.

पहिला, मध्य प्रदेशचा २०१० चा लोकसेवा हमी कायदा. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कोणती सेवा किती दिवसांत मिळायला हवी हे यात ठरतं आणि उशीर झाला तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. म्हणून पावतीवरची तारीख महत्त्वाची. खिडकीपाशी बसाल तेव्हा प्रत्येकाला सांगा, पावती घेतल्याशिवाय हलू नका.

दुसरा, २००५ चा माहिती अधिकार कायदा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ. नवखे लोक अर्जात विचारतात, "अर्ज का नाकारले जातात?" 'का' विचारलं की हाती काही लागत नाही, कारण कायदा कार्यालयाकडे असलेली नोंद देतो, स्पष्टीकरण देत नाही. असं विचारा: "१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात नाकारलेल्या अर्जांची कारणनिहाय संख्या, आणि नाकारण्याची कारणं ज्या परिपत्रकात दिली आहेत त्याची प्रत." एका अर्जात एकच विषय ठेवा. त्याआधी त्या कार्यालयानं कलम ४ खाली आपणहून काय प्रसिद्ध केलंय ते बघून घ्या, निम्मं तिथेच सापडतं. अर्ज हिंदीत लिहा आणि भाषा नम्र ठेवा, तो वाचणारा बाबू पुढे तुमचा सहकारी होणार आहे.

तिसरा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेले आणि अंध लोक होते. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं ई-केवायसी सांगते, आणि ते त्यांना शक्य नव्हतं. असा फॉर्म कुणीतरी आपल्यासारख्यानंच लिहिलेला असतो, हे लक्षात ठेवा.

चौथा, वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा. याच्याबरोबर २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकालही वाचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे त्यात एकमतानं सांगितलंय.

हात तयार करणं

यात फार वेळ घालवणार नाही, शिकण्याची साधनं फुकट आणि भरपूर आहेत. फक्त क्रम सांगते. आधी एक्सेल नीट शिका. बारा आकडी क्रमांक साध्या रकान्यात टाकला तर तो भलताच दिसू लागतो, सुरुवातीचं शून्य गळतं, तारखेत दिवस आणि महिना जागा बदलतात. लोकांचे अर्ज अशा क्षुल्लक चुकांनीही अडकतात. मग एसक्यूएल, म्हणजे मोठ्या याद्यांतून हवी ती माहिती काढायची भाषा, मग प्रोग्राम लिहायला पायथन. मग ओडीके किंवा कोबो, म्हणजे नेटवर्कशिवाय फोनवर माहिती भरायची साधनं. झाबुआ-अलीराजपूरकडे काम करायचं तर ही हवीतच. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि ओपनस्ट्रीटमॅप. शेवटी एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा आणि आपलंच पान नुसतं ऐकून वापरून बघा. तो एका अंध प्रोग्रामरनं २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केला, म्हणून त्यातल्या बारीकसारीक गोष्टी इतक्या नेमक्या आहेत.

आपल्या घरचा एक अभ्यास देते. ओळखीची शंभर मराठी आडनावं घ्या. प्रत्येकाची मराठी, हिंदी आणि इंग्रजी रूपं लिहा आणि ती जुळवणारा छोटा प्रोग्राम करा. ळ आणि ल एक समजा, ऱ आणि र एक समजा. चार दिवसांत जमेल. आता खरा प्रश्न. तुमचा प्रोग्राम काळे आणि काले एकच आहेत असं म्हणाला, पण ती खरंच दोन वेगळी माणसं असतील तर? एकाची पेन्शन दुसऱ्याला जाईल, किंवा 'दुबार नाव' म्हणून एकाचं नाव कापलं जाईल. म्हणून प्रोग्रामनं फक्त 'बहुधा एकच' एवढं म्हणावं, ठरवावं माणसानं, आणि ज्याचं नाव आहे त्याला आधी विचारावं. हे ज्याला मनापासून पटलं त्याला मी सर्टिफिकेट न बघता कामावर घेईन.

इथेच आठवलं म्हणून सांगते. होळकर दरबाराचा कारभार मोडीत चालायचा. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. तुमच्या घरी मोडी वाचणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून आत्ताच शिकून घ्या. जुने कागद वाचता येणारी आणि प्रोग्रामही लिहिता येणारी माणसं फार थोडी आहेत.

छोटं काहीतरी उभं करा

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. पेन्शनसाठी एक ॲप बनवलं, दोन महिने रात्री जागून. त्यात मोबाइल क्रमांक भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. कियोस्कवर पहिल्या दिवशी आलेल्या तिघींपैकी एकीकडेही स्वतःचा फोन नव्हता. महिनाभर तिथे बसूनही हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ॲप मी बंद केलं.

त्याजागी एक कागद केला. एकाच पानावर, मोठ्या अक्षरांत, एका बाजूला हिंदी आणि दुसऱ्या बाजूला मराठी: कोणता कागद आधी दुरुस्त करायचा, कुठे, आणि कोणत्या क्रमानं. आधी आधार, मग समग्र, मग बँक. क्रम उलटला की सगळ्या फेऱ्या पुन्हा. हा कागद आजही भिंतीवर आहे आणि मी केलेल्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो. तुमचंही पहिलं काम असंच असू द्या. ते कागद असेल, एक्सेलची शीट असेल, व्हॉट्सॲपवर पाठवायचा दोन मिनिटांचा आवाज असेल. ज्या माणसासाठी केलंय त्याच्या हातात द्या आणि गप्प राहून बघा.

याच्याबरोबर मुक्त स्रोताच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-सुधारता येतो अशा, एखाद्या प्रकल्पात हात घाला. बंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचं डिजिट हे नगरपालिकांच्या कामासाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोड फॉर गव्हटेक या उपक्रमात विद्यार्थ्यांना अशा प्रकल्पांवर मार्गदर्शकासह काम करता येतं. पहिल्याच दिवशी कोड बदलायला जाऊ नका. सूचनापत्रं वाचा, जिथे कळलं नाही तिथे सुधारा, मराठी-हिंदी भाषांतर तपासा. दोन-तीन महिन्यांत लोक तुम्हाला नावानं ओळखतात, आणि नोकरीच्या वेळी याच कामाचा दुवा दाखवता येतो.

लोकांची माहिती हाती आली की

मदत करताना लोक विश्वासानं सगळं हातात देतात. आधारचा फोटो, पासबुक, कधी फोनच, कुलूप उघडून. आपल्या व्हॉट्सॲपवर कुणाचाही आधार घेऊ नका. घ्यावाच लागला तर शेवटचे चारच आकडे दाखवणारा मास्क केलेला आधार घ्या आणि काम झालं की त्यांच्यासमोर पुसून टाका. ओटीपी त्यांनी स्वतः वाचावा, वाचता येत नसेल तर तुम्ही मोठ्यानं वाचून तो कशाचा आहे ते सांगा आणि मगच भरा. कुणाचीही गोष्ट फोटोसकट कुठे टाकू नका, त्यांनी हो म्हटलं तरी. खिडकीवर उभ्या असलेल्या गरजू माणसाला नाही म्हणता येत नसतं.

नोकरी कुठे मिळते

वाटा बऱ्याच आहेत आणि एकीतून दुसरीत जाता येतं.

सरकारच्या आत जायचं तर एनआयसीच्या भरती परीक्षा आहेत. भोपाळला राज्याचं इलेक्ट्रॉनिक्स विकास निगम आहे, आणि जिल्हास्तरावर ई-गव्हर्नन्स सोसायटीत व्यवस्थापकांची पदं असतात. भोपाळच्या अटल बिहारी वाजपेयी सुशासन संस्थेमार्फत मुख्यमंत्री यंग प्रोफेशनल्स कार्यक्रम चालत आलाय, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. कंत्राटी कामं बऱ्याचदा अकरा महिन्यांची असतात, हे धरून चला.

संस्थांमध्ये आपल्या जवळ बागलीला, देवास जिल्ह्यात, समाज प्रगती सहयोग १९९० पासून पाणी, शेती आणि बचतगटांचं काम करते. शिक्षणात एकलव्य १९८२ पासून आहे. अशा संस्थांच्या जाहिरातीत 'जनहित तंत्रज्ञान' हा शब्द कधीच दिसणार नाही, तिथे 'एमआयएस' (म्हणजे कामाच्या नोंदी आणि आकडे सांभाळणं) किंवा 'मॉनिटरिंग' लिहिलेलं असतं. पण काम हेच असतं आणि गावात उतरायला मिळतं. डिजिटल हक्कांच्या बाजूनं जायचं असेल तर दिल्लीचं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन २०१६ पासून काम करतंय.

गाव जवळून बघायचंय त्यांना तेरा महिन्यांची एसबीआय यूथ फॉर इंडिया फेलोशिप चांगली. धोरणाकडे ओढा असेल तर लॅम्प फेलोशिप, त्यात खासदाराबरोबर काम करायला मिळतं. पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं १९८५ मध्ये सुरू झालेलं सितारा केंद्र ग्रामीण तंत्रज्ञान शिकवतं, आणि बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत डिजिटल सोसायटी हा अभ्यासक्रम आहे. इथल्या एसजीएसआयटीएस, देवी अहिल्या विद्यापीठ किंवा सिमरोलच्या आयआयटीत शिकत असाल तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प वाया घालवू नका. ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली हजारांनी करून झाली. गाइडला सांगा, मला खऱ्या कार्यालयाचा खरा प्रश्न घ्यायचाय, आणि आपली वही पुढे ठेवा.

मी नोकरी एकदम सोडली नाही. चौदा महिने शनिवारी हे काम केलं, मग सोडली. मला तीच वाट शहाणपणाची वाटते.

पैसा आणि घर

पगार कंपनीपेक्षा कमी असतो. माझा निम्म्याहून खाली आला आणि वर यायला बरीच वर्षं लागली. संस्थेचा पैसा प्रकल्पागणिक येतो, प्रकल्प संपला की चिंता सुरू होते. म्हणून उडी घेण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्ट विचारा: माझ्या पगाराचा पैसा कुठून येतो, तो किती महिन्यांचा आहे, आणि आपण लोकांची जी माहिती गोळा करतो ती शेवटी कुणाकडे राहते. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर विचार करा.

आपल्याकडच्या घरांत 'पर्मनंट' या शब्दाला फार वजन आहे. आजोबा मिलमध्ये, वडील बँकेत किंवा शाळेत. त्यांना आदर्शवादाचं भाषण देऊ नका. मी बाबांसमोर कागदावर हिशेब मांडला: शिल्लक किती, पगार किती, दोन वर्षांत जमलं नाही तर परत कंपनीत कशी जाईन. आई एकही शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तीच काकूंना घेऊन झोनला गेली, कारण मला रजा नव्हती.

अधिकाऱ्यांबरोबर काम

भेटायला जाताना एकच पान न्या. त्यात तक्रार नको, मोजणी असू द्या: "या खिडकीवर एका महिन्यात नाव न जुळल्यामुळे इतके अर्ज थांबले, त्यातले इतके फक्त ळ आणि ल मुळे." सोबत असा एक उपाय सुचवा जो त्यांच्याच अधिकारात आहे आणि ज्याला निधी लागत नाही. सुधारणा झाली की श्रेय त्यांचं. सर्वांत जास्त माहिती साहेबांकडे नसते, ती अठरा वर्षं त्याच टेबलावर बसलेल्या बाबूकडे असते. त्यांना मान द्या.

साहेबांची बदली होणारच आहे. नवीन साहेब आले की मागचं काम बंद पडतं, हे मी तीनदा बघितलंय. म्हणून जे ठरलं ते त्यांच्या फाइलीत टिपण म्हणून जाऊ द्या, नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका.

आणि कधीतरी असं काम पुढ्यात येईल ज्यानं लोक यादीतून गळतील. चेहरा ओळखून हजेरी, संशयित दुबार नावं कापणं, असं काही. लगेच हो म्हणू नका. लेखी विचारा: चुकून कापला गेलेला माणूस कोण असेल, त्याला ते कसं कळेल, आणि तो किती दिवसांत परत येईल. उत्तर लेखी आलं नाही तर ते काम करू नका.

हात काढून घेण्याआधी

तुम्हीही एक दिवस दुसरीकडे जाल. माझ्या आधीच्या माणसानं सोडलेली एक शीट मला मिळाली होती, तिचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. म्हणून काम सुरू करतानाच एक पान लिहायला घ्या आणि दर तीन महिन्यांनी ते नवं करा. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे, त्याचे पैसे कधी भरायचे आहेत, पासवर्ड कोणाकडे आहेत, कोणत्या याद्या कुठे आहेत आणि त्यातली कोणती कधी पुसायची, कोणत्या कार्यालयात कोणत्या टेबलाशी बोलायचं. भाषा इतकी सोपी ठेवा की कियोस्कवरच्या मुलाला कळावी. आमच्याकडे आता तोच मुलगा हे पान सांभाळतो. मागच्या आठवड्यात त्यानं त्यात स्वतःहून एक ओळ घातली: 'ळ टाइप करायचा असेल तर कीबोर्ड मराठीवर घ्या.'